निळा पडदा आणि खाजनाचा बांध

गेल्या श्रावणात एक निवृत्त गुरुजी आपला लॅपटॉप प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून भर पावसात माझ्या दुकानात आले. त्यांच्या घराण्याचा कुळवृत्तांत ते गेली चार वर्षे त्यावर लिहीत आहेत. कोणती शाखा कोणत्या गावी स्थलांतरित झाली, कोणाला दत्तक घेतले, कोणाचे नाव कोणाला ठेवले, ही सारी माहिती त्यांनी देवळातली जुनी कागदपत्रे आणि गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी धुंडाळून जमवलेली आहे. आठवडाभरात तीन वेळा लिहिता लिहिता पडदा अचानक निळा झाला, त्यावर इंग्रजीत काही ओळी उमटल्या आणि यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले, असे त्यांनी सांगितले. मग खुर्चीवर टेकत त्यांनी विचारले, "सगळे गेले काय रे बाबा?"

मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, गेले नसणार. उलट, तुमचे लिखाण बिघडू नये म्हणूनच यंत्राने स्वतःला बंद करून घेतले असेल." ते ऐकून त्यांनी माझ्याकडे जसे पाहिले त्यावरून मी केवळ धीर देतो आहे असे त्यांना वाटले, हे मला कळले. त्या दिवशी दुकानात गर्दी होती आणि सविस्तर सांगायला वेळ मिळाला नाही. संगणक बंद पडला म्हणजे त्याने दगा दिला, अशी समजूत असणारे गुरुजी एकटे नाहीत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या या व्यवसायात मला भेटलेल्या बहुतेक माणसांची हीच समजूत आहे. ती का बरोबर नाही हे नीट लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

सुरुवात मेमरीपासून करावी लागेल. संगणकाची मेमरी म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक अतिशय लांब रांग असते आणि प्रत्येक खणात एक बाईट, म्हणजे एका इंग्रजी अक्षराएवढी माहिती, मावतो. प्रोग्रॅम जे काही करतो ते या खणांच्या क्रमांकांवरून करतो: अमुक क्रमांकाच्या खणात काय आहे ते वाच, तमुक क्रमांकाच्या खणात हे लिही. खणात असलेले बाईट म्हणजे गुरुजींच्या पणजोबांचे नाव आहे, चित्राचा तुकडा आहे की खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमचा आदेश आहे, हे त्या बाईटकडे पाहून कळत नाही. त्यामुळे प्रोग्रॅमकडून क्रमांकात चूक झाली आणि त्याला अडवणारे कोणी नसेल, तर तो दुसऱ्याच्या खणात बिनदिक्कत लिहून मोकळा होतो.

पहिल्या वैयक्तिक संगणकांत अडवणारे खरोखरच कोणी नव्हते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८०८८ ही चिप होती. ती १ मेगाबाईटपर्यंतचे क्रमांक ओळखत असे, त्यांतले पहिले ६४० किलोबाईट डॉस ही तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टीम आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम वापरत, आणि त्या सगळ्या पटांगणात एकही भिंत नव्हती. प्रोग्रॅमला हवे तर तो डॉसच्या अंगावर लिहू शकत असे. चिप बनवणाऱ्यांचा हा निष्काळजीपणा होता असे मला वाटत नाही. एका वेळी एक माणूस, एकच प्रोग्रॅम, आणि किंमत सामान्य कचेरीला परवडेल इतकी, असा तो हिशेब होता. मोठ्या संगणकांत मेमरीच्या संरक्षणाची सोय तेव्हाही होती, कारण तिथे एकाच यंत्रावर अनेकांची कामे एकत्र चालत आणि एकाच्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान होणे कोणालाच चालण्यासारखे नव्हते.

भिंत नसणे म्हणजे काय, हे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने अनुभवले. प्रोग्रॅम लिहायला आम्ही टर्बो सी वापरत असू. पडद्यावर झटपट अक्षरे उमटवायची असतील तर छापण्याचा नेहमीचा आदेश न वापरता पडद्याच्या मेमरीतच थेट लिहायचे, अशी एक युक्ती मुलांमध्ये लोकप्रिय होती. त्या मेमरीत प्रत्येक अक्षराला दोन बाईट लागत, एक अक्षराचा आणि एक त्याच्या रंगाचा. मी वीस अक्षरांची एक ओळ लिहिणारा प्रोग्रॅम तयार केला, पण ती कुठे लिहायची ते सांगणाऱ्या पॉइंटरमध्ये पडद्याच्या मेमरीचा पत्ता भरायलाच विसरलो. पॉइंटर सर्वांत वर जाहीर केलेला असल्यामुळे त्यात शून्य होते. माझी वीस अक्षरे, म्हणजे चाळीस बाईट, पडद्यावर न जाता मेमरीच्या अगदी पहिल्या खणापासून पुढे लिहिली गेली.

आणि तिथे काय होते? त्या चिपच्या रचनेनुसार मेमरीच्या पहिल्या १०२४ बाईटांत एक तक्ता असतो. घड्याळाचा ठोका पडला, कीबोर्डची कळ दाबली गेली, भागाकारात शून्य आला, अशा प्रत्येक प्रसंगी चिपने कोणत्या पत्त्यावर धाव घ्यायची, हे त्यात चार-चार बाईटांच्या २५६ नोंदींत लिहिलेले असते. माझ्या चाळीस बाईटांनी त्यातल्या पहिल्या दहा नोंदी पुसल्या. शून्यापासून मोजले तर त्यांतली आठवी नोंद घड्याळाची आणि नववी कीबोर्डची. घड्याळाचा ठोका सेकंदाला सुमारे अठरा वेळा पडतो. म्हणजे एका सेकंदाच्या अठराव्या भागातच चिप तक्त्यात पाहून, माझ्या अक्षरांनाच पत्ता समजून, भलत्याच जागी जाऊन पोहोचली. पडदा होता तसाच राहिला. मी कॅप्स लॉकची कळ दाबली, पण तिचा दिवा लागला नाही. हा दिवा कळ दाबल्याने परस्पर लागत नसतो. कळ दाबली गेल्याचे प्रोसेसरला कळल्यावर त्याच्या आदेशाने तो लागतो, आणि आदेश देणारा रस्ताच मी पुसून टाकला होता. यंत्र खरोखर गोठले आहे की नुसते संथ झाले आहे, हे पाहण्यासाठी पुढे कित्येक वर्षे मी प्रथम तोच दिवा पाहत आलो.

तरीही, संगणक तिथल्या तिथे गोठला हे माझे नशीबच म्हणायला हवे. माझे चाळीस बाईट दुसऱ्या एखाद्या जागी पडले असते, तर यंत्र काहीच झाले नाही असे दाखवत चालत राहिले असते. तसे झाल्यावर काय होते, ते मला १९९७ मध्ये गोव्यातल्या फोंड्याच्या एका डीटीपी (संगणकावर मजकूर जुळवून पाने मांडणाऱ्या) केंद्रात काम करताना दिसले.

देवस्थानांच्या स्मरणिका हे आमच्याकडचे नेहमीचे काम होते. अशाच एका स्मरणिकेत देणगीदारांची सहा पानांची यादी होती. दोघांनी मिळून प्रूफ वाचले, दुरुस्त्या केल्या, यजमानांची सही घेतली आणि मी अंतिम प्रत काढून छापखान्यात पाठवली. पुस्तिका छापून आल्यावर चार दिवसांनी एक वृद्ध बाई आपल्या भाच्याबरोबर केंद्रात आल्या. दिवंगत यजमानांच्या स्मरणार्थ त्यांनी १०१ रुपये दिले होते. यादीत त्यांच्या यजमानांचे नाव नव्हते. त्या जागी वरच्याच ओळीतले नाव दुसऱ्यांदा छापले गेले होते. त्या रागावल्या नाहीत. "आमची देणगी थोडी, म्हणून राहिले असेल," एवढेच म्हणाल्या. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

सही झालेल्या प्रुफावर नाव होते आणि संगणकातल्या फाइलमध्ये ते नव्हते. मधल्या काळात त्या पानाला कोणी हात लावला नव्हता. मी तीन रात्री बसून शोध घेतला. पानमांडणीचे सॉफ्टवेअर आणि मराठी टंकलेखनाची एक छोटी उपयोजना ही दोन्ही जुन्या १६-बिटी धर्तीची होती, म्हणजे दोघांचा वावर मेमरीच्या एकाच सामाईक अंगणात होता. ती उपयोजना चालू असताना ठरावीक क्रमाने फॉन्ट बदलला की पानावरच्या ओळीचे काही बाईट दुसरीकडे जाऊन बसत. उपयोजना बंद ठेवून तीच कृती केली की काहीही होत नसे. तीन वेळा मी तसे घडवून पाहिले आणि तिन्ही वेळा तसेच घडले. माझे हात कीबोर्डवर थंड पडले, कारण संगणकाने ना तक्रार केली होती, ना तो बंद पडला होता; बिघडलेली फाइल त्याने नीट जपून ठेवली होती आणि मी नियमाप्रमाणे तिचीच प्रत फ्लॉपीवर घेतल्यामुळे आधीची चांगली प्रतही गेली होती. आम्ही शुद्धिपत्र छापून उरलेल्या पुस्तिकांत चिकटवले. वाटल्या गेलेल्या पुस्तिकांत ते कधीच पोहोचले नाही.

त्या यंत्रातली चिप मात्र असा शिरकाव अडवायला समर्थ होती, हे मला नंतर कळले आणि त्याचेच जास्त वाईट वाटले. ते कसे, हे सांगण्यासाठी मला माझ्या आजोबांच्या शेतात जावे लागेल.

आजोबांचे शेत चोडण बेटावर खाजनात होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: भरतीचे खारे पाणी जिथपर्यंत येते अशी नदीकाठची सखल जमीन आमच्या पूर्वजांनी बांध घालून लागवडीखाली आणली, तिला खाजन म्हणतात. तिथे खारवट जमिनीत तग धरणारे कोरगुटसारखे भात होते. नदीच्या कडेने चिकणमातीचा मोठा बांध असतो, आत ज्याच्या त्याच्या शेताच्या मेरा, म्हणजे छोटे बांध, असतात, आणि मोठ्या बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानस म्हणजे बांधातले पाण्याचे दार. त्याच्या लाकडी झडपा अशा बसवलेल्या असतात की भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याचा दाबच त्या मिटवतो, आणि ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून नदीत निघून जाते. झडप लावायला माणूस उभा करावा लागत नाही. माणूस झोपेल, विसरेल. पाण्याचा दाब विसरत नाही.

मेमरीच्या संरक्षणाचे मर्म याच गोष्टीत आहे. प्रत्येक प्रोग्रॅमवर नजर ठेवणारा दुसरा प्रोग्रॅम नेमून हे काम होत नाही, कारण प्रोसेसर पहिल्याचे आदेश पाळत असताना दुसरा स्वस्थच बसलेला असतो. म्हणून तपासणी चिपच्या विद्युतमंडलातच बसवावी लागते. इंटेलने १९८२ च्या ८०२८६ या चिपमध्ये संरक्षित पद्धत आणली, पण एकदा त्या पद्धतीत शिरलेली चिप रीसेट केल्याशिवाय जुन्या पद्धतीत परतत नसे. लोकांचे सगळे प्रोग्रॅम तर जुन्या पद्धतीचे होते, त्यामुळे ती सोय फारशी कोणाच्या उपयोगी पडली नाही. १९८५ च्या ८०३८६ ने हा प्रश्न नीट सोडवला. तिने मेमरीची ४ किलोबाईटांची पाने केली. ३२ बिटांच्या (एक बिट म्हणजे नुसते शून्य किंवा एक) पत्त्यांत मावणाऱ्या ४ गिगाबाईटांची अशी १०,४८,५७६ पाने होतात, आणि प्रत्येक पानाची एक नोंद पेज टेबल नावाच्या तक्त्यात असते. नोंदीतल्या सर्वांत खालच्या तीन बिटांत सगळा कारभार आहे: हे पान सध्या मेमरीत आहे का, त्यावर लिहायची परवानगी आहे का, आणि साध्या प्रोग्रॅमने त्याला हात लावावा की तो फक्त कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, अधिकार आहे.

प्रोग्रॅमने उच्चारलेला प्रत्येक पत्ता चिप या तक्त्यातून पारखून घेते, वाचताना आणि लिहिताना, प्रत्येक वेळी. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला त्याचा स्वतःचा तक्ता दिलेला असतो. माझ्या प्रोग्रॅमचा पत्ता क्रमांक पाच लाख आणि तुमच्या प्रोग्रॅमचा पत्ता क्रमांक पाच लाख ही प्रत्यक्ष मेमरीतली दोन निराळी ठिकाणे असतात. तुमचे ठिकाण माझ्या तक्त्यात लिहिलेलेच नसेल, तर मी कितीही चुकलो तरी तिथे पोहोचू शकत नाही. परवानगी नसलेल्या पानाकडे कोणी वळला की झडप मिटते: चिप त्या प्रोग्रॅमला मधेच थांबवून कर्नलला हाक मारते. या हाकेला पेज फॉल्ट म्हणतात आणि तिचा क्रमांक १४ आहे. नावात फॉल्ट असला तरी ती दर वेळी चूक नसते. पुष्कळदा पान तात्पुरते डिस्कवर ठेवलेले असते, कर्नल ते आणून देतो आणि काम पुढे सुरू होते. पान खरोखरच परके असेल तर मात्र कर्नल त्या प्रोग्रॅमला बंद करतो. प्रयोगशाळेतली माझी ती चूक आज कोणी केली तर पहिले अक्षर लिहितानाच पकडला जाईल, कारण शून्याजवळची पाने आजच्या ऑपरेटिंग सिस्टीम मुद्दाम कोणालाही देत नाहीत. बंद पडेल तो एक प्रोग्रॅम. शेजारच्या खिडकीतले लिखाण, चालू असलेले गाणे, छपाई, कशालाही धक्का लागणार नाही.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांना अशा वेळी 'सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड' ही ओळ दिसते. त्यातला 'कोअर' म्हणजे मेमरी, आणि तो शब्द मेमरी लोहचुंबकी कड्यांची बनत असे त्या काळापासून चालत आला आहे. कडी केव्हाच गेली. शब्द राहिला आणि वागणूकही राहिली, की मरणाऱ्या प्रोग्रॅमने आपल्या मेमरीची प्रत मागे ठेवावी, म्हणजे चूक कुठे झाली ते शोधता येईल.

मग १९८५ पासून चिपमध्ये असलेली ही सोय घरोघरी पोहोचायला सोळा वर्षे का लागली? मुख्य कारण मेमरीची किंमत, आणि दुसरे म्हणजे जुन्या प्रोग्रॅमांचा मोह. विंडोज ३.१ वर सगळे प्रोग्रॅम एकाच पत्त्यांच्या पटांगणात वावरत. मायक्रोसॉफ्टमध्ये डेव्ह कटलर या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली नव्याने रचलेली विंडोज एनटी १९९३ मध्ये आली तेव्हा तिच्यात ही भिंत पुरेपूर उभी होती, पण तिला किमान १२ मेगाबाईट मेमरी लागे, आणि थेट यंत्राला हात घालणारे जुने प्रोग्रॅम व ड्रायव्हर (जोडलेली उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) ती चालू देत नसे. दोन वर्षांनी आलेली विंडोज ९५ मात्र ४ मेगाबाईटांवर चालू शकत होती, आणि त्या बदल्यात तिने भिंत अर्धवट ठेवली होती. नव्या ३२-बिटी प्रोग्रॅमांना स्वतंत्र जागा मिळाली. जुने १६-बिटी प्रोग्रॅम पूर्वीसारखेच एकत्र राहिले. पत्त्यांच्या २ ते ३ गिगाबाईटांच्या पट्ट्यात सिस्टीमचे सामाईक भाग होते आणि तो पट्टा सर्वांना वाचण्या-लिहिण्यासाठी खुला होता. तेव्हाच्या निळ्या पडद्यावर हमखास दिसणारा '०ई' हा आकडा म्हणजे सोळाच्या मोजणीतला १४, म्हणजे तोच पेज फॉल्ट. एप्रिल १९९८ मध्ये बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक सुरू असताना स्कॅनर जोडताच निळा पडदा आला, तो प्रसंग तर जगभर गाजला. अखेर २००१ मध्ये एनटीचा कर्नल विंडोज एक्सपीच्या रूपाने घरगुती संगणकांवर आला, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मॅक ओएस टेनने कोसळताना दिसणाऱ्या बाँबच्या चित्रासाठी ओळखल्या जाणाऱ्या जुन्या, भिंत नसलेल्या मॅक ओएसची जागा घेतली. लिनक्स १९९१ मध्ये ८०३८६ वरच जन्मली, त्यामुळे तिच्यात ही भिंत पहिल्यापासून होती.

एवढे झाल्यावरही पडदा निळा का होतो, हा गुरुजींचा खरा प्रश्न. त्याचे उत्तर मोठ्या बांधात आहे. आतली मेर फुटली तर एका शेताचे पाणी दुसऱ्यात जाते. नदीकडचा बांध फुटला तर सगळे खाजन खारे होते आणि ते मीठ उतरायला काही पावसाळे जावे लागतात. जुनी माणसे बांधावरच्या खेकड्यांच्या बिळांना जपत, कारण बीळ बोटभर असले तरी भरतीचे पाणी त्यातूनच वाट रुंद करते. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कर्नल हा तो मोठा बांध आहे. पेज टेबल लिहिणारा तोच असल्यामुळे त्याच्यावर पेज टेबलचा अंकुश चालत नाही. आणि कर्नलच्या आवारात तो एकटा राहत नाही. ग्राफिक्स, वायफाय, विषाणूरोधक सॉफ्टवेअर यांचे अनेक ड्रायव्हर त्याच अधिकाराने तिथे वावरतात, आणि ते निरनिराळ्या कंपन्यांनी लिहिलेले असतात. त्यांच्यातल्या कोणी परक्या खणाला हात घातला, तर कर्नलला कळते एवढेच की आपल्या घरात काहीतरी बिघडले आहे. आपली कोणती नोंद अजून खरी आणि कोणती खोटी, हे त्याला ठरवता येत नाही.

त्या क्षणी त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. बिघडलेल्या नोंदींवर विसंबून काम चालू ठेवायचे आणि त्यांच्या आधारे डिस्कवर लिहीत राहायचे. किंवा मेमरीची प्रत पुढच्या तपासासाठी बाजूला काढून सारे काम तिथेच थांबवायचे. निळा पडदा म्हणजे त्याने दुसरी वाट निवडली. फोंड्यातल्या त्या संगणकावर ती वाट निवडणारे कोणी असते, तर मी दोन शिव्या घालून यंत्र पुन्हा सुरू केले असते, अर्ध्या तासाचे काम पुन्हा केले असते, आणि त्या बाईंच्या यजमानांचे नाव छापले गेले असते.

ड्रायव्हरांना कर्नलच्या आवारात किती जागा द्यावी, हा वाद जुनाच आहे. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेगासाठी ग्राफिक्सचे बरेच काम कर्नलमध्ये नेले गेले, आणि पुढे विंडोज व्हिस्टामध्ये ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा भाग पुन्हा बाहेर आणला गेला. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळतो आणि ड्रायव्हर सावरल्याचा संदेश येतो, तो या बदलाचा परिणाम; पूर्वी त्याच ठिकाणी अख्खे यंत्र कोसळले असते. याची सर्वांत मोठी आठवण शुक्रवार १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ वाजता एक लहानशी माहिती-फाइल जगभर पाठवली. तिच्यामुळे कर्नलमध्ये चालणाऱ्या त्यांच्या ड्रायव्हरने एकविसावे मूल्य वाचायचा प्रयत्न केला, जेव्हा यादीत वीसच मूल्ये होती. यादीच्या टोकापलीकडे वाचणे, एवढीच ती चूक. साध्या प्रोग्रॅममध्ये झाली असती तर तो एक प्रोग्रॅम बंद पडला असता. कर्नलमध्ये झाल्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रे बंद पडली, भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, रुग्णालये आणि बँका जगभर अडल्या. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तो ड्रायव्हर यंत्र सुरू होतानाच चालू होत असल्यामुळे पुष्कळ यंत्रे पुन्हा पुन्हा कोसळत राहिली. अशा प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जाऊन, सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजकेच आवश्यक भाग सुरू होतात त्या अवस्थेत, शिरून ती फाइल पुसावी लागली. त्या दिवशी निळ्या पडद्याची फार टवाळी झाली. मला मात्र वाटते की कर्नलने थांबण्यात चूक केली नाही. वारंवार बदलणारी माहिती वाचणारा भाग मोठ्या बांधाच्या मातीत पुरून ठेवणे ही चूक होती. लिनक्सच्या कर्नलमध्ये डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्ट या प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषेला प्रवेश मिळाला आहे. या भाषेत यादीच्या टोकापलीकडे हात घालणारा प्रोग्रॅम एक तर तयारच होत नाही, किंवा हात घालताच थांबवला जातो. या वाटेकडे मी आशेने पाहतो.

गुरुजींच्या यंत्रात मात्र ड्रायव्हरचा दोष नव्हता. निळ्या पडद्यावरचा संकेत मेमरी व्यवस्थापनाकडे बोट दाखवत होता, म्हणून मी लॅपटॉप उघडला. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. समुद्राच्या खाऱ्या हवेत आमच्याकडे पट्ट्यांच्या सोनेरी दातांवर मळकट पापुद्रा धरतो आणि पावसाळ्यात त्रास वाढतो, म्हणून पहिला उपाय शाळेतल्या खोडरबराचा असतो. दात हलक्या हाताने घासले, कुंचल्याने कण झाडले, पट्ट्या बसवल्या आणि रात्रभर मेमटेस्ट चालू ठेवला. हा प्रोग्रॅम प्रत्येक खणात ठरावीक आकृतिबंध लिहितो आणि परत वाचून तोच आहे का ते पाहतो. सकाळी पडद्यावर तांबड्या ओळी होत्या: एकाच पत्त्यावर, लिहिलेल्या आणि वाचलेल्या मूल्यांत फक्त एका बिटाचा फरक, दर फेरीत तोच. पट्ट्या आलटूनपालटून एकेक तपासली आणि दोषी पट्टी सापडली. पेज टेबल परक्या माणसाला अडवते, पण आतल्या खणानेच ठेवलेली वस्तू बदलली तर टेबलला ते दिसत नाही. सर्व्हरमध्ये असा बदल ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी असते. घरगुती लॅपटॉपमध्ये ती सहसा नसते. गुरुजींच्या बाबतीत तो बिघडलेला बिट कर्नलच्या स्वतःच्या नोंदींत पडला, कर्नलने नोंदी ताडून पाहिल्या, जुळत नाहीत असे दिसले आणि तो थांबला. हेही त्यांचे भाग्य.

नवी पट्टी घालून दोन दिवस यंत्र चालवून पाहिले आणि मग गुरुजींना बोलावले. कुळवृत्तांताची फाइल उघडली. शेवटचा दीड परिच्छेद नव्हता, बाकी सारे जागच्या जागी दिसत होते. तोच दोषी बिट त्या फाइलमध्येही कधी पडून गेला असेल का, हा प्रश्न मात्र उरला होता, आणि तो मी त्यांच्यापासून लपवला नाही. फोंड्याची हकीकतही सांगितली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही काढली, जिच्यात त्यांनी प्रत्येक शाखेची नावे प्रथम हाताने लिहून काढली होती. "तू पडद्यावरचे वाच, मी वहीत पाहतो," असे म्हणून त्यांनी चष्मा पुसला. दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत आम्ही सात पिढ्यांची नावे एकेक करून जुळवली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि उरलेल्या चार शाखाही जुळवल्या. सगळी नावे बरोबर होती.